पावणेसातची सूनबाई

स्वयंपाकघरात, ओट्यापासून दीड फरशी अलीकडे, जमिनीवर निळ्या चिकटपट्टीची एक फुली होती. तिची तीन टोकं घट्ट बसलेली होती. चौथं, दाराकडचं, नखभर उचललं होतं आणि त्याच्या डिंकाला धूळ, एक लांब केस आणि साखरेचे दोन कण चिकटले होते. फरशी पुसताना सूनबाई त्या टोकाला फडकं लागू देत नसे. फुली निघाली की दीर लगेच नवी चिकटवायचा, आणि नवी फुली दर वेळी थोडी खिडकीकडे सरकायची. मग उन्हात डोळे बारीक करून उभं राहायची पाळी तिच्यावर यायची.

त्या फुलीवर उभी राहून ती सासूबाईंशी भांडायची. रोज, मिनिटभर. समोर मसाल्यांच्या फळीवर दिराचा फोन, बाजूला स्टुलावर सासूबाई.

‘सूनबाई’ हे खरं तर तिचं व्हिडिओतलं नाव. पण भाजीवाल्यापासून ते दाताच्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला आता तेच म्हणत. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला ताई म्हणायचे. तिथल्या बाकापुढे तिने अकरा वर्षं काढली होती, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बिनपगारी रजा घेऊन ती घरी थांबली होती. गुडघा केव्हाच बरा झाला. रजा मात्र दोनदा वाढवून झाली.

सुरुवात अगदी साधी होती. डॉक्टरांनी सासूबाईंना गुडघा दहा वेळा वाकवायला सांगितला होता आणि त्या मोजताना एक, दोन, पाच, दहा असं म्हणून मोकळ्या व्हायच्या. सूनबाईने तीन आणि चार कुठे गेले असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की ते दोघं तुझ्या माहेरी गेलेत, संध्याकाळपर्यंत येतील. दिराने हे गंमत म्हणून फोनवर टिपलं आणि सगळ्यांना बघायला टाकलं. आठवड्याभरात अनोळखी माणसं सासूबाईंच्या तीन-चारची चौकशी करू लागली. मग एका भांड्यांच्या दुकानाने जाहिरात दिली, मग एका गादीवाल्याने, आणि दिराने फोनदुरुस्तीच्या दुकानातली नोकरी सोडली.

तो व्हिडिओ कधीही टाकायचा. जाग आली की, जेवण झालं की, मनात आलं की. एक चालायचा, चार आपटायचे, आणि तो नशिबाला बोल लावत बसायचा. हे असं अंदाजपंचे काम सूनबाईला बघवेना. तिने आपणहून सांगितलं की याची नीट चाचणी घेऊ. वार तोच, लांबी तीच, भांडणाचा प्रकार तोच. बदलायची फक्त वेळ. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. दोन महिने तिने हे नेटाने केलं, आणि कितीतरी दिवसांनी आपल्या हाताला आपलं काम लागलंय असं तिला वाटलं. निकाल लख्ख होता. संध्याकाळी पावणेसातला टाकलेला व्हिडिओ बाकीच्यांच्या कितीतरी पुढे जायचा. कारणही पटण्यासारखं होतं: त्या वेळी माणसं कामावरून परतत असतात, कुठेतरी रांगेत नाहीतर गाडीत बसलेली असतात, डोकं शिणलेलं असतं.

दिराने ते वेदवाक्य मानलं. तेव्हापासून घर पावणेसातला बांधलं गेलं. पाहुण्यांना त्या सुमाराला येऊ नका असं सांगितलं गेलं. दाराच्या घंटीची तार काढून ठेवली गेली. नवरा कारखान्यातून यायचा तो चोरपावलांनी, आणि आपला चहा आपणच करून घ्यायचा. व्हिडिओ पडला की पहिला तासभर सूनबाईने हातात फोन घेऊन लोकांना उत्तरं द्यायची, तीही सूनबाई म्हणूनच. कुणी लिहायचं, माझी सासू पण अशीच आहे. ती लिहायची, मग अदलाबदल करू या का. कुणी विचारायचं, गुडघा कसा आहे. ती लिहायची, गुडघा उत्तम, आता माझे पाय दुखतात.

प्रयोगशाळा सुटायची साडेसहाला आणि तिथून घर तासाभरावर. घोडं तिथेच अडत होतं. व्हिडिओ ठरल्या वेळेला आपोआप पडतो, तशी सोय असते, हे तिने दिराला एकदा सुचवून पाहिलं. त्याने नुसती मान हलवली. यंत्राने टाकलेला व्हिडिओ यंत्रासारखाच चालतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि उत्तरं तरी कोण देणार?

नोकरीवर परत जायचं आहे हे तिने घरात बोललंच नव्हतं असं नाही. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली होती की आता मी कामावर जावं म्हणते. दिराने कप खाली ठेवला. “थांब वहिनी, वाया घालवू नको. हेच तिकडे उभं राहून बोल.” आणि ती काही म्हणायच्या आत फोन फळीवर चढला होता, सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, “जा की. जाताना गॅस बंद कर, आणि येताना दुसरी सून घेऊन ये.” तो व्हिडिओ तोवरच्या सगळ्यांत जास्त चालला. शेजारच्या शिंपीणबाईंनी जिन्यात हात धरून सांगितलं की काय बोललीस गं, हसून हसून पोट दुखलं. नवऱ्यानेही तो कारखान्यातल्या चौघांना दाखवला. तिच्या मनात ते वाक्य कित्येक दिवस घोळत होतं. आता ते सगळ्यांच्या तोंडी झालं होतं आणि कुणीही ते ऐकलं नव्हतं.

त्यानंतर तिची जीभच रेटेना. तशीही घरातली बोलाचाली आटली होती. पूर्वी सासूबाई भाजी निवडता निवडता दिवसभर टोमणे मारायच्या आणि तीही परतफेड करायची. आता कुणी काही बरं बोललं की दीर ‘परत, परत’ म्हणत धावत यायचा. म्हणून सासूबाई चांगलं वाक्य सुचलं की ओठ मिटून ठेवायच्या, आणि दोघी शेजारी शेजारी बसून न बोलता शेंगा सोलायच्या.

महिन्यापूर्वी बाटल्या विसळताना तिच्या एकदम लक्षात आलं की आपल्या चाचणीत चूक आहे. संध्याकाळच्या व्हिडिओंना ती उत्तरं देत होती, कारण तेव्हा ती मोकळी असायची. सकाळी ती शेगडीपुढे असायची, दुपारी सासूबाईंचा व्यायाम. त्या व्हिडिओंना कुणी उत्तर दिलंच नव्हतं. एक गोष्ट बदलतोय असं समजून तिने दोन बदलल्या होत्या. प्रयोगशाळेत नव्या मुलीने असं केलं असतं तर तिनेच तो कागद परत तिच्या हातात दिला असता. ती नळ बंद करून तशीच उभी राहिली. लोक पावणेसातला येत नव्हते. कुणीतरी आपल्याशी बोलतंय म्हणून येत होते.

हे लगेच सांगावं म्हणून ती बाहेरच्या खोलीपर्यंत गेली. दीर फोनमध्ये मान घालून बसला होता. आणि दारातच तिला पुढचं सगळं दिसलं. वेळ महत्त्वाची नाही म्हटलं तर महत्त्वाचं काय उरतं? पावणेसात गेलं की सकाळही मोकळी, दुपारही, आणि त्या प्रत्येक वेळी फोन घेऊन बसायला ती आहेच. चुकीच्या त्या एका तासाने तिचे बाकीचे तास तरी सोडले होते. ती मूग गिळून परत स्वयंपाकघरात आली. मोजमाप चुकीचं आहे हे माहीत असताना गप्प बसायची तिच्यावर ही पहिलीच वेळ होती.

या आठवड्यात मॅडमचा फोन आला. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. फार बोलायच्या नाहीत. तिच्या जागी तात्पुरती घेतलेली मुलगी आता कायमचं विचारत होती आणि तिला नुसतं झुलवत ठेवणं बरं नव्हतं. शनिवारी सकाळपर्यंत काय ते कळव, म्हणाल्या. फोन ठेवताना मात्र थांबल्या. “या वेळी आधी घरात सांग आणि मग मला फोन कर. दोनदा तू मला हो म्हणालीस आणि मग घरात त्याचं नाही झालं.”

शुक्रवारी दुपारी दीर सासूबाईंना गुडघा दाखवायला दवाखान्यात घेऊन गेला होता. रांगेत बसल्या बसल्या तो संध्याकाळचा व्हिडिओ कापत होता, आणि जपून ठेवायचं बटण दाबायच्या ऐवजी त्याने भलतंच दाबलं. त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज कुणाचं काही बरंवाईट झाल्यासारखा होता. “वहिनी, गेला. भर दुपारी गेला. आता काढून टाकला तर अजून वाईट.” आजचा दिवस बुडाला, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सूनबाई शेगडीपुढे होती. शेजारी तिचा फोन थरथरायला लागला. पहिलं वाक्य एका आजीबाईंचं होतं: आज लवकर आलात, माझी दुपार बरी जाईल.

तिने गॅस बारीक केला. काही लिहिलं नाही तर काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. व्हिडिओ आपटेल, पावणेसात खरं ठरेल, आणि तिचं कुंपण होतं तिथे राहील. फक्त गप्प बसायचं होतं. पण ते गप्प बसणं म्हणजे हवा तसा निकाल यावा म्हणून नमुन्यात काहीतरी मिसळण्यासारखं होतं. बाकापुढे तिच्या हातून अनेक चुका झाल्या होत्या, ही मात्र कधी नाही. शिवाय आजीबाई वाट बघत होत्या. तिने लिहिलं: लवकर आलो, कारण सासूबाई झोपल्यात, हळू हसा. मग स्टूल ओढून ती बसली आणि रोजच्यासारखी, तासभर, एकेकाला उत्तर देत राहिली. कमी नाही, जास्त नाही.

घरी येईपर्यंत दिराच्या ते ध्यानात आलं होतं. बूट न काढताच तो आत आला. व्हिडिओ आतापर्यंतच्या सगळ्यांना मागे टाकून पळत सुटला होता. जेवायच्या टेबलाशी नवरा नुकताच चहा घेऊन बसला होता. दीर त्याच्याच समोर उभा राहून हातवारे करत सांगू लागला की त्याने जुने सगळे व्हिडिओ पुन्हा उघडून पाहिले, कुठे किती उत्तरं आहेत तेही पाहिलं. “वेळ नव्हतीच रे दादा. वहिनी होती. आपण उगाच घड्याळाच्या मागे लागलो.”

मग त्याने बेत मांडला. दिवसाला तीन व्हिडिओ. वहिनीसाठी वेगळा फोन, मोठ्या पडद्याचा. स्वयंपाकघरात पाठीला टेकू असलेली खुर्ची, म्हणजे दिवसभर बसली तरी कंबर धरणार नाही. भाजी चिरायला बाई लावू. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती; तो तिला देता येईल ते सगळं देत होता. नवऱ्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला की चांगलंच झालं, उन्हातान्हात बाहेर जायची दगदगच नको. सूनबाईच्या हातात भाजीचा डाव तसाच होता. खोली नेहमीएवढीच होती, पण आपण श्वास घेतला तर कोपर कुठेतरी लागेल असं तिला वाटलं.

सासूबाई पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसल्या होत्या. “दिवसातून तीनदा भांडायचं? गुडघ्याचं झालं, आता जिभेचं ऑपरेशन करावं लागेल मला.”

नवरा हसला. दिराचा हात खिशाकडे गेला. “आई, आई, परत. तसंच्या तसं.”

सासूबाई पुन्हा बोलल्या नाहीत. एरवी त्या शब्द न शब्द पुन्हा म्हणायच्या, पहिल्यापेक्षा जोरात. आज त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. “तू आधी बूट काढ, दिग्दर्शका,” एवढं म्हणून त्या सुनेकडे वळल्या. “आणि तू गं? मघापासून त्या डावातनं थेंब गळतायत फरशीवर. तू अशी सांडणारी नव्हेस. काय आहे?”

कित्येक महिन्यांत सासूबाईंनी तिला कॅमेऱ्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. दीर फोन हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. हे चांगलं चाललंय असं त्याला वाटत असणार.

सूनबाईने डाव भांड्यात ठेवला. भांड्यावर झाकण ठेवलं. “भावजी, फोन खाली ठेवा.”

“चालू नाहीये गं.”

“तरी ठेवा. पालथा.”

तिचा आवाज चढला नव्हता, पण दिराने फोन टेबलावर पालथा ठेवला. नवऱ्याने कप खाली ठेवला. तिने आधी चूक सांगितली. भावजी म्हणतात ते बरोबर आहे, मला ते महिन्याभरापूर्वीच कळलं होतं, आणि मी मुद्दाम बोलले नाही. का बोलले नाही, ते भावजींचा बेत ऐकून तुम्हाला कळलंच असेल. उत्तरं कशी द्यायची ते मी भावजींना शिकवेन, अवघड नाही, त्यासाठी मीच लागते असं काही नाही.

“म्हणजे?” दीर म्हणाला.

ती त्याच्याकडे नाही, सासूबाईंकडे बघत होती. त्या हसत नव्हत्या.

“आई, मी सोमवारपासून प्रयोगशाळेत परत जातेय. विचारत नाहीये. सांगतेय.”