दुसरा कागद

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी छत्तिसाव्या वर्षी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं ठरवलं, तेव्हा नवऱ्याने सगळ्यात आधी विचारलं, की मग मशीन कोण चालवणार. बाईंनी फॉर्म भरून टाकला.

शिकवणीचे सर तर त्याच्या वरताण. हुशार मुलं गणितं डोक्यात करतात, कागदावर रेघोट्या ओढतात ती ढ, असं ते भर वर्गात बाईंकडे बघून म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी मनावर घेतलं नाही. खडूची खूण न करता कापडाला कात्री लावणारा शिंपी त्यांनी तरी पाहिला नव्हता.

परीक्षेला संगणकाशेजारी कच्च्या कामासाठी एक कोरा कागद ठेवला होता. बाईंनी घड्या घालून त्याचे सोळा चौकोन पाडले. एका चौकोनात एक गणित, कोपऱ्यात प्रश्नाचा नंबर. दीड तासात दोन्ही बाजू भरल्या आणि आठ गणितं उरली.

त्यांनी हात वर केला. पर्यवेक्षक सावकाश आले. त्यांच्या मते कागद एकच मिळायचा, तो जपून वापरायला हवा होता.

"जपूनच वापरलाय," बाई म्हणाल्या. "आणि मागितला तर दुसरा द्यायचा, असं तुमच्या मागच्या भिंतीवर लिहिलंय. सहावी सूचना."

पर्यवेक्षकांनी वळून वाचलं. मग कपाळाला आठ्या घालून कागद आणला आणि पहिला उचलायला हात पुढे केला. बाईंनी त्यावर तळवा ठेवला.

"दोन्ही शेवटी जमा करायचे. तेही तिथेच लिहिलंय."

आजूबाजूच्या माना वळल्या. बाईंचे कान तापले, पण तळवा हलला नाही. पर्यवेक्षक पुटपुटत निघून गेले.

आठ गणितं झाल्यावर वीस मिनिटं हाताशी होती. बाईंनी पहिल्या कागदावरचा एकेक चौकोन तपासला. तेविसाव्या प्रश्नात औषधाच्या मात्रेचा दशांश चुकला होता. नंबर लिहिलेला, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. उत्तर बदललं.

जागा चाळीस होत्या. यादीत बाई अडतिसाव्या आल्या.

प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, मुलीला का नाही आणलं.

"मुलगी शाळेत गेलीय," बाई म्हणाल्या. "प्रवेश माझा आहे." आणि कागदपत्रं आत सरकवली.