बाईसाहेबांच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तशी मी सहाच वर्षांची, पण माझं लाकूड त्याहून पुष्कळ म्हातारं. एका दवाखान्याचं दार मोडीत निघालं, त्यातून मला कापून काढलं. माझ्या पाठीला अजून कडीचं भोक आहे. तुम्ही माझ्यावर बसून पाहिलंत तर दोन मिनिटांत उठाल आणि म्हणाल, "ही कसली मेली खुर्ची, सगळीकडून टोचते!" बरोबरच आहे. मी तुमच्यासाठी केलेली नाही. मला केलं ते एका मुलीसाठी, तिच्या मापानं.

ज्या मुलांना दुसरी कुठलीच शाळा घेत नाही, त्यांची आमची शाळा. तीन खोल्या, एक सभागृह, मागे सामानाची कोठी. ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची होती आणि तिनं अजून मान धरली नव्हती. पाठीतही जोर नव्हता. आईच्या हातांवर ती ओल्या कपड्यासारखी लोंबायची. आईचं इस्त्रीचं दुकान होतं. दिवसभर ती लोकांचे कपडे ताठ करायची, आणि घरी हे लेकरू काही केल्या ताठ होत नव्हतं. तिला मांडीवर आडवं घेऊनच भरवावं लागे. अर्धा घास आत, अर्धा बाहेर, आणि कधी कधी चुकीच्या वाटेला. मग ठसका, मग ओठ निळे.

शाळेत मुलांना भरवायचं, पुसायचं, उचलायचं काम मावशी करायची. नाव नको, आडनाव नको, सगळ्यांची मावशीच. त्या मुलीला 'बाईसाहेब' हे नाव तिनंच दिलं. कारण बोलता येत नसलं तरी मुलीचा रुबाब मोठा. भाजी आवडली नाही की अशी भुवई उडवायची आणि ओठ असे मिटायची, की पुन्हा विचारायची सोय नाही.

"आज मर्जी नाही वाटतं बाईसाहेबांची," मावशी म्हणायची. "बरं, बदलून आणते. हुकूम!"

एक दिवस मावशी दोन गल्ल्या पलीकडच्या सुतारकाकांकडे गेली.

"काका, खुर्ची पाहिजे एक."

"देतो की. किती बाय किती?"

"किती बाय किती काय विचारता? खिडकी आहे का ती? पोरगीच आणते. तुम्हीच बघा."

काकांनी आधी मला पुठ्ठ्याची केली. खोक्यांचे पुठ्ठे कापून, चिकटवून त्यात मुलीला बसवलं. ती डावीकडे कलली, डावी बाजू उंच केली. ती पुढे घसरली, बैठकीला मागे उतार दिला आणि गुडघ्यांच्या मधे एक खुंटी उभी केली. असं चार दिवस चाललं. मान मात्र मागेच पडायची. तेव्हा मावशीनं मुलीच्या डोक्यामागे आपला तळहात धरला, डोकं जरासं पुढे आणलं आणि म्हणाली, "एवढं. हनुवटी खाली राहिली की घास पोटाच्या वाटेनं जातो. वर झाली की श्वासाच्या वाटेला लागतो. वीस वर्षं भरवतेय मी, उगाच नाही सांगत." काकांनी तिच्या तळहाताचं माप घेतलं. माझा डोक्यामागचा टेकू त्या तळहाताएवढा आहे.

मग पुठ्ठ्याची मी लाकडाची झाले. गॅरेजवाल्यानं मोडक्या गाडीचा पट्टा दिला, गादीवाल्यानं स्पंज, शिंप्यानं त्यावर मऊ खोळ शिवली. कुणी पावती मागितली नाही. शेवटी काकांनी माझ्या प्रत्येक कडेवरून आपला गाल फिरवून पाहिला. हाताची कातडी जाड झालेली असते, तिला लाकडाचं बारीक कुसळ कळत नाही, असं ते म्हणायचे.

पहिल्यांदा माझ्यावर बसली तेव्हा बाईसाहेब समोर टक लावून बघू लागली. आतापर्यंत तिनं जगाचं छतच पाहिलं होतं. आता समोर दार दिसत होतं, दारातून अंगण, अंगणात वाळत घातलेल्या लंगोट्या. त्या लंगोट्यांकडे ती अशी बघत राहिली, जणू तिच्याच स्वागताला कुणी पताका लावल्यात. त्या दिवशी तिनं आठ घास खाल्ले, एकदाही ठसका न लागता. आई दारात उभी राहून मोजत होती. आठव्या घासाला ती हसली आणि म्हणाली, "अगं बाई, एवढंच हवं होतं होय?" आणि मग पायरीवर बसून कितीतरी वेळ रडली.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. दर सहा महिन्यांनी काका येत, मुलीच्या मांडीचं आणि पोटरीचं माप घेत, आणि माझ्या बैठकीच्या खाली पेन्सिलीनं एक रेघ ओढून तारीख टाकत. रेघ पुढे सरकली की माझी फळी पुढे सरकवायची. पट्ट्याला बाहेरच्या बाजूनं नवं भोक पाडायचं. सातव्या वर्षी बाईसाहेबांनी स्वतः चमचा धरला. नेम तोंडावर, लागला नाकाला.

"अहो बाईसाहेब, नाक जेवत नाही तुमचं!" मावशी म्हणाली, आणि बाईसाहेब इतकी हसली की मी चारी पायांवर हलले.

त्याच वर्षी वस्तीतल्या लोकांनी शाळेसाठी मदत समिती काढली. ती माणसं वाईट होती असं समजू नका. शाळेचं छप्पर गळत होतं ते त्यांनी बदललं. मुलांना आणायला गाडी लावली. त्यासाठी केस कापणाऱ्यानं एका रविवारची सगळी कमाई दिली, शिकवणीच्या मुलांनी घरोघरची रद्दी गोळा केली, बायकांनी गोधड्या शिवून विकल्या. समितीचे अध्यक्ष रंगाचे दुकानदार होते. सगळे त्यांना रंगवाले म्हणत. शाळेच्या भिंती त्यांनी स्वतः शिडीवर चढून रंगवल्या होत्या.

एकदा ते जेवणाच्या वेळी शाळा बघायला आले आणि माझ्यासमोर थबकले. माझ्यावर दाराचे जुने टवके, मधे खुंटी, छातीशी गाडीचा पट्टा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरेरे! लेकराला हे काय बांधून घातलंय? शिक्षा केल्यासारखं!"

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. गाडीची मदत चालू ठेवायची की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं.

"मुलं किती आहेत, बाई?"

"वीस."

"वीस खुर्च्या आणतो. एकालाही असं बसावं लागता कामा नये."

मुलं किती, हे त्यांनी विचारलं. कुठलं मूल कसं बसतं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही. साऱ्या गोष्टीत चूक म्हणाल तर एवढीच.

खुर्च्या आल्या. निळ्या, पिवळ्या, चकचकीत. प्रत्येकीच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव. त्यांच्यावर माझा राग नाही. पंधरा-सोळा मुलं त्यांत मजेत बसली. पण बाईसाहेब त्यांतून साबणासारखी घसरायची. मान मागे, हनुवटी वर. म्हणून मावशी जेवणापुरती मलाच ओढून आणायची आणि पाहुणे येणार म्हटलं की कोठीत सरकवून ठेवायची. त्यानंतर पाहुणे जेवणाच्या वेळी आले नाहीत, म्हणून ते चालून गेलं.

मग नव्या खुर्च्यांचा समारंभ ठरला. मुलांनी पाहुण्यांसमोर जेवायचं, फोटो काढायचे, असा बेत होता. सकाळीच मावशी मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, तिची खुर्ची राहू द्या आज. मागच्या ओळीत बसवते, कुणाला दिसणार नाही."

"मावशी, एकोणीस मुलं नव्या खुर्चीत आणि ती एकटी त्या मोडकीत? देणाऱ्यांना काय वाटेल?"

"तिला काय वाटेल, ते सांगू का?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. नंतर भरव हवं तर तुझ्या पद्धतीनं. आणि चहाकडे तू बघ, दुसरं कोण आहे?"

कोठीला कुलूप लागलं. किल्ली बाईंच्या पर्समधे गेली.

कोठीच्या भिंतीला वर एक झरोका आहे, तो सभागृहात उघडतो. मला दिसत काहीच नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मग ताटांचा आवाज. मग रंगवाल्यांचा आवाज, अगदी हळवा झालेला: "हिला मी भरवणार. माझी नात एवढीच आहे." कुणीतरी म्हणालं, "इकडे बघा साहेब, फोटो." आणि पाठोपाठ ठसका.

तिचा ठसका मी झोपेतही ओळखेन. पहिला छोटा असतो. त्या वेळी डोकं पुढे घ्यायचं आणि थांबायचं, बस, एवढंच. पण ठसका लागला की पाणी द्यायचं, हे सगळ्या प्रेमळ माणसांना ठाऊक असतं. "पाणी, पाणी द्या लेकराला," चार जण एकदम म्हणाले. कुणीतरी, हे मला मागाहून कळलं, तिचं डोकं मागे टेकवलं आणि तोंडाला पेला लावला.

त्यानंतरचा आवाज मी तुम्हाला सांगणार नाही. कपबश्यांचा ट्रे खाली पडला, आणि मावशी ओरडली, "मान खाली करा तिची! अहो, मान खाली करा!" मी लाकडाची आहे. मला चार पाय आहेत, पण त्यांचा उपयोग नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईसाहेब सव्वा महिना दवाखान्यात होती. पाणी आणि अन्न छातीत गेलं होतं, तिथे ते कुजलं. घरी आली ती नाकात नळी घेऊन. आता घास तोंडानं द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बसवा मात्र, छाती मोकळी राहील, असंही म्हणाले. म्हणून मुख्याध्यापिकाबाई स्वतः मला रिक्षात घालून तिच्या घरी घेऊन गेल्या. दारातच त्या म्हणाल्या, "मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं." आई इस्त्री फिरवत होती. तिनं मान वर केली नाही. "बोलायला पाहिजे होतंत," एवढंच म्हणाली, आणि शर्टाची कॉलर पुन्हा दाबली.

सुतारकाका आले. त्यांनी मुलीला माझ्यावर बसवलं. आजवर प्रत्येक वेळी पट्टा सैल करावा लागायचा. त्या दिवशी त्यांनी पट्ट्याला आतल्या बाजूनं भोक पाडलं. मग आणखी आत एक. तिसरं पाडताना त्यांचा दाभण घसरला आणि बोटात गेला. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

ती माझ्यावर दुकानाच्या दाराशी बसायची. आई समोर जेवायला बसली की ती बघत राहायची. ओठ किंचित उघडायची. आई मग तिच्याकडे पाठ करून जेवायला लागली, आणि पुढे पुढे तर उभ्यानंच, आत जाऊन, दोन घास. एकदा बाईसाहेबांनी आपला जुना चमचा पाहिला आणि भुवई उडवली. तो हुकूम होता. पण पाळायचा कसा?

चौथ्या महिन्यात छाती पुन्हा भरली. एका दुपारी, कपड्यांच्या दोन गठ्ठ्यांच्या मधे, माझ्यावर बसल्या बसल्याच तिची मान डावीकडे कलली. तिथे काकांनी कड उंच केली होती, म्हणून ती पडली नाही. आईला वाटलं, झोपली.

मित्रांनो, पुढे दीड वर्ष मी त्या दुकानात होते. माझ्यावर कुणी कपडेसुद्धा ठेवले नाहीत. मग एक दिवस मावशी आली. तिच्या मागे सुतारकाका, आणि त्यांच्याही मागे रंगवाले. ते खूप वाळले होते.

मावशी आईजवळ बसली. "नवीन मुलगा आलाय. सहा वर्षांचा. मान धरत नाही. भारी हसरा आहे, मी खिदळ्या म्हणते त्याला." मग म्हणाली, "आडवा भरवतात गं त्याला घरी."

आईनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, खुंटीची खोळ काढून धुतली, वाळल्यावर इस्त्री केली आणि पुन्हा घातली. मग रंगवाल्यांना म्हणाली, "तुम्ही उचला."

त्यांनी मला शाळेपर्यंत दोन्ही हातांनी वाहून नेलं.

आज मला खोलीच्या मध्यभागी उलटं ठेवलं आहे. समोर जमिनीवर खिदळ्या आहे, मावशीच्या मांडीवर. रंगवाले गुडघे टेकून बसलेत, त्यांनी टेपचं एक टोक मुलाच्या टाचेशी धरलंय. टोक सुटतं म्हणून काका दोनदा म्हणाले, "नीट धरा." आता रंगवाले कुठल्याही शाळेला काही द्यायचं म्हटलं की आधी काकांना घेऊन जातात. भाषण मात्र करत नाहीत.

काकांनी रंधा हातात घेतला. माझ्या पोटाखाली बाईसाहेबांच्या रेघा आहेत, एकाखाली एक, तारखांसकट. फळी तासायची तर त्या जाणार. काकांनी रंधा टेकवला, उचलला, आणि फळी दुसऱ्या बाजूनं कापायला घेतली. मग रेघांच्या शेजारी, जरा अंतर सोडून, खिदळ्याची पहिली रेघ ओढली.

मित्रांनो, तुमचं मन मोठं आहे, ते तसंच असू द्या. शाळेला द्या, मुलांना द्या, मागितल्याशिवाय द्या. पण हात पुढे करण्याआधी एकदा त्या मुलाजवळ जमिनीवर बसा. त्याला रोज भरवणारी जी कुणी असेल, तिला विचारा. ती चहाच्या ट्रेमागे उभी असेल, तर तिथे जाऊन विचारा. आणि ठाऊक असून तुम्ही गप्प असाल, तर बोला. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

आता थांबते. काकांनी मला सरळ केलंय आणि ते माझ्या कडेवरून गाल फिरवताहेत. खिदळ्याला भूक लागली आहे.