गाडीचं गाऱ्हाणं

घासाघीस करावी तर जितेंद्रनेच, असं खुद्द जितेंद्रचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं ऐकिवात नव्हतं. काजूच्या बागेतून साठवलेले सहा लाख घेऊन तो बायकोसह ओरोसजवळ जुन्या गाड्या विकणाऱ्या सुदेशच्या दुकानात गाडी बघायला निघाला, तेव्हा आनंदीने आईकडून आलेल्या हातातल्या पाटल्या चाचपत बजावलं, "सहाच्या वर एक रुपयो जावचो नाय. ह्यो मोडूक मी देवचंय नाय."

"तू नुसती बघीत रव," जितेंद्र ऐटीत म्हणाला.

बेत पक्का होता. आवडलेल्या गाडीला नावं ठेवायची आणि उठून चालू लागायचं. करड्या एसयूव्हीला त्याने पोटभर नावं ठेवली. सुदेशने पावणेसात सांगितले. जितेंद्र तरातरा फाटकापर्यंत गेला आणि कुणी हाक मारीना म्हणून आपणच परत येऊन बसला.

सुदेश बेरकी. "भावाचा मागीर बघू, काकानू. तुमच्या गाऱ्हाण्याचा केवढा नाव आयकलंय! पयलो नारळ ठेवया."

झालं! गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, घालायचा मान जितेंद्रचा. कुणी त्याची आठवण काढली की याची छाती फुगायची आणि अक्कल रजेवर जायची. त्याने टेबलावरच्या देवाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला, डोळे मिटले आणि आवाज लावला. देवापुढे काही लपवायचं नाही, ही तर रीतच.

"बा देवा म्हाराजा! ही करडी गाडी तुज्या लेकराच्या मनात भरली आसा. काजूचे सहा लाख गाठीक आसत. कमी पडले तर आनंदीच्यो पाटल्यो आसत, त्येंचे पन्नास हजार तरी येतीत. सगळा सुरळीत पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्यांनी द्यायचा होकार दुकानातल्या पोरांनीही दिला, पण सगळ्यात मोठ्याने सुदेश ओरडला.

डोळे उघडल्यावर जितेंद्रला कळलं, आपण देवाला नाही, दुकानदाराला सांगितलं. आनंदीकडे बघायची त्याची छाती होईना.

"तुमच्यासाठी साडेसहा," सुदेश गोड हसून म्हणाला. "शेवटचो भाव."

"गाऱ्हाणा अर्धा रवला," आनंदी म्हणाली आणि तिनेच हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेखाली गंज किती आणि सुदेशभाऊन ती केवढ्याक घेतली, ता तुका ठावक आसा. त्येंनी आमच्यापासून कायएक लपयला नसात, तर त्येंच्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!"

सगळे सुदेशच्या तोंडाकडे बघू लागले. सुदेशने तसबिरीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, कान खाजवला. 'व्हय म्हाराजा' काही येईना.

"वहिनीनू," तो शेवटी पडेल आवाजात म्हणाला, "खाली थोडो गंज आसा. पाच लाख सत्तर हजार देवा."

जितेंद्रचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो भलत्याच विचारात पडला.

"अगो, पण मी देवाक साडेसहा सांगून बसलंय!"

"देवाची समजूत मी घालतंय," आनंदी म्हणाली. "तुमी तोंड मिटून चावी घेवा."