एकदा वाढलेलं

घरात एकाला पथ्य लागलं की बाकीचे सगळे डॉक्टर होतात. चेन्नईत आदंबाक्कमच्या शेषगिरीरावांच्या घरी ही डॉक्टरी दोन वर्षं जोरात चालली होती. शेषगिरीराव बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या तंजावरी मराठी घराण्यातले, बोलायला कमी आणि खाण्यात चोखंदळ. हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी लोणी-तूप बंद केलं, तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. पण सकाळी टिफिनला, म्हणजे न्याहारीला, डाळ-तांदळाची जाडसर गरम अडै, तिच्यावर गुळाचा खडा आणि लोण्याचा गोळा, एवढाच त्यांचा या जगातला शौक होता. तोच गेला म्हटल्यावर माणूस ताटासमोर बसायचा आणि उगाच पाणी पीत राहायचा.

सून हरिप्रियाला त्यांची दया आली. ती अंबत्तूरला एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत होती. डब्यावर आणि पाकिटावर काय छापायचं, हे ठरवणाऱ्या विभागात. एका संध्याकाळी तिनं कंपनीचा नवा डबा घरी आणला. आत पिवळट, मऊ, लोण्यासारखंच काहीतरी. वर हिरव्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : ‘चव लोण्याची, काळजी हृदयाची. एका सर्व्हिंगला फक्त ३२ कॅलरी!’

शेषगिरीरावांनी जन्मभर आकडे तपासलेले. त्यांनी फ्रिजमधलं खऱ्या लोण्याचं पाकीट काढलं, चष्मा लावला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं. लोण्याच्या पाकिटावर होतं सातशे बावीस. खाली बारीक अक्षरांत ‘शंभर ग्रॅमला’ असं लिहिलेलं, तिकडे काही त्यांची नजर गेली नाही.

“सातशेच्या जागी बत्तीस!” ते लहान मुलासारखे हरखले. “हरिप्रिया, तुझी कंपनी देवमाणसांची की काय ग?”

हरिप्रिया हसली. रोज चमचाभर खातील, तोंडाला चव राहील, असा तिचा साधा हिशेब होता.

आता हा बत्तीसचा आकडा आला कुठून, ते सांगायलाच हवं. आधी त्या डब्यावर सर्व्हिंग छापली होती दहा ग्रॅमची, आणि आकडा होता चौसष्ट. वरिष्ठ राजगोपाल मीटिंगमध्ये म्हणाले, “चौसष्ट बघून कोण घेईल? आतल्या मालाला हात न लावता आकडा खाली आणा.” तेव्हा हरिप्रियाच म्हणाली होती, “सर, सर्व्हिंग पाच ग्रॅमची करू या.” झालं! आकडा एका वाक्यात निम्म्यावर आला आणि सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तेवढ्याच खऱ्या लोण्यात छत्तीस कॅलरी असतात. म्हणजे फरक पडला चार कॅलरींचा, आणि जाहिरात झाली हृदयाच्या काळजीची. कायद्याच्या दृष्टीनं सगळं ठीक होतं. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, सर्व्हिंग किती ग्रॅमची तेही छापलेलं होतं.

घरात पुन्हा सकाळ उगवली. शेषगिरीरावांना घरात सगळे अप्पा म्हणत; त्यांच्या पत्नी सीतालक्ष्मी त्यांना रोज अडै वाढायच्या आणि डबा संपला की दुकानातून नवा आणवायच्या. हरिप्रिया आणि तिचा नवरा श्रीवत्स दोघंही टिफिनच्या आधीच घराबाहेर पडायची, त्यामुळे अप्पांची अडै त्यांनी कधी पाहिली नाही. पण अप्पा खूश आहेत, हे संध्याकाळी त्यांच्या आवाजावरून कळायचं.

काही महिन्यांनी त्यांचं वजन वाढू लागलं. दम लागू लागला. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल पहिल्यापेक्षाही वर! घरातल्या डॉक्टरांची सभा भरली.

“अप्पा, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाता ना तुम्ही?” श्रीवत्सनं विचारलं.

“न्हाई रे.”

“मग हे वाढतं कुठून?” हरिप्रिया म्हणाली. “घरात तर तेलसुद्धा मोजून असतं. चोरून काहीतरी खात असाल, त्याशिवाय असं होणार नाही.”

“मज काय ठाऊक? मी खाल्लं न्हाई, एवढं खरं.”

कोणी विश्वास ठेवला नाही. जन्मभर एका पैशाचं खोटं न बोललेल्या माणसावर नाही, आणि डब्यावरच्या हिरव्या अक्षरांवर मात्र डोळे मिटून! श्रीवत्सनं हॉटेलवाल्याला सांगून टाकलं की अप्पांना तळलेले वडै देऊ नका. खालच्या वॉचमनला, वेंकटला, सांगितलं की अप्पा तिकडे वळले तर फोन कर. वेंकट बिचारा सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी शेषगिरीराव फिरायला निघाले, तर त्यानं हसून विचारलं, “सार, वॉकिंग की वडै?”

शेषगिरीराव तिथूनच परत फिरले. त्या दिवसापासून त्यांनी फिरायला जाणं सोडलं. खुर्चीत बसायचे, पेपर उघडा धरायचे, पान उलटायचे नाहीत. सकाळची अडै तेवढी चालू होती. ती तर पथ्याची होती ना!

एका दुपारी खुर्चीतच त्यांच्या छातीत कळ आली.

हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागाबाहेर आहारतज्ज्ञ सरोजा मॅडम विचारत होत्या आणि सासूबाई सीतालक्ष्मी सांगत होत्या. हरिप्रिया शेजारी उभी होती.

“लोणी खातात?”

“न्हाई, न्हाई. लोणी बंद आहे. सुनेच्या कंपनीचं असतं, डब्यातलं, हलकं. तेच वाढतें.”

“किती वाढता?”

“एक सर्विंग.”

“म्हणजे किती? हातानं दाखवा.”

सीतालक्ष्मींनी बोटं जुळवून दाखवलं. चांगलं मोठ्या लिंबाएवढं.

हरिप्रियानं त्यांची बोटं धरली. “अम्मा! एवढं? रोज?”

“एवढंच. तुझ्या डब्यावर लिवलंय की, एक सर्विंग म्हणून. सर्विंग म्हणजे वाढणं. मी एकदाच वाढतें. ते दुसऱ्यांदा मागायचे, पण मी कधी वाढलं न्हाई हो,” सीतालक्ष्मी घाईघाईनं म्हणाल्या. आपल्यावर आळ येतो की काय, असं त्यांना वाटलं असावं.

त्या घरात कोणी हातानं घेऊन खात नसे. घरची बाई वाढते आणि माणूस जेवतो, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या रीतीत वाढलेल्या बाईनं त्या इंग्रजी शब्दाचा तिला कळणारा अर्थ लावला आणि तो इमानानं पाळला. सरोजा मॅडम लिहून घेत राहिल्या.

कॉरिडॉरमधल्या बाकावर दोघी बसल्या. हरिप्रियानं सगळं सांगितलं. दहाचे पाच कसे झाले, कोणी सुचवलं, कोणी पाठ थोपटली. सांगता सांगता तिच्यातली नोकरी एकदम जागी झाली. “पण अम्मा, मागे लिहिलंय हो पाच ग्रॅम म्हणून. लपवलेलं काहीच नाही. कायद्यानं यात चूक नाही.”

सीतालक्ष्मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, “पुढं मोठं लिवलंस ते कसाला?”

“लोकांनी वाचावं म्हणून.”

“आणि मागं बारीक?”

“कायद्यानं…” हरिप्रिया पुन्हा सांगू लागली.

“उत्तर तुज ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “हे बघ, मी वाढणारी. ताटावर बसलेला माणूस भांड्यात डोकावून बघत न्हाई. वाढणारीच्या हाताकडं बघतो आणि जेवतो. तो भरवसा आहे म्हणून तर घास उतरतो. तूही वाढणारीच की ग! मी एका ताटात वाढतें, तू लाख ताटांत वाढतीस. वाढणारीनं कायदा सांगू नये. माझ्या हातून त्यांना विष वाढवलंस, आणि वर चोर तेच ठरले.”

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर हरिप्रियाला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिला दोन मिनिटं आत सोडलं. शेषगिरीराव नळ्यांमध्ये जखडलेले होते. तिनं त्यांचा हात धरला आणि रडत रडत सांगितलं की तुम्ही खरं बोलत होतात, चूक माझी होती. त्यांना सगळं कळलं की नाही, कोण जाणे. डब्याबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही. ओठ हलले, तेव्हा ती खाली वाकली.

“वेंकटला सांग,” ते म्हणाले. “मी खाल्लं न्हाई म्हणून. तेवढं सांग.”

“तुम्ही घरी या, अप्पा. तुमच्यासमोरच सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट अंबत्तूरला गेली. राजगोपालांच्या टेबलावर तिनं डबा ठेवला. “सर, पुढच्या बाजूला चमच्याचं चित्र टाकू या. शंभर ग्रॅमला किती, तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत.”

राजगोपाल वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सासऱ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, “तसं छापलं तर डबा दुकानातून हलणार नाही. आणि आपण एकटे का छापायचं? सगळेच असं करतात. वाचायची जबाबदारी गिऱ्हाइकाची असते, हरिप्रिया.” आणि त्यांनी नवा मजकूर सहीसाठी पुढे सरकवला. भाजलेल्या ‘डाएट मिक्स्चर’चं, म्हणजे चिवड्याचं, पाकीट, सर्व्हिंग एक मूठ. मूठही जेमतेम लहान मुलाची.

तिनं सही केली नाही. राजीनामा लिहून ती खाली उतरली, तोवर दुसऱ्या कोणीतरी सही केलीसुद्धा. मिक्स्चरचं काम एक तासही अडलं नाही.

बस गिंडीच्या पुलापर्यंत आली आणि श्रीवत्सचा फोन आला. अप्पा गेले.

तेराव्याच्या जेवणाला इमारतीतले शेजारी, नातेवाईक, बँकेतले जुने सोबती, सगळे आले. पंगत बसली. केळीच्या पानांवर हरिप्रिया तुपाचं भांडं घेऊन वाढत होती. बँकेतले दत्ताजीराव शेजारच्याला हळू आवाजात सांगत होते, पण असल्या गोष्टी हळू आवाजात जास्तच ऐकू येतात.

“माणूस सोन्यासारखा हो. पण जिभेवर ताबा नाही. चोरून खायचे म्हणे. घरच्यांनी किती जपलं! शेवटी ज्याचं त्यानंच…”

पलीकडच्या बाईंनीही मान हलवली. दाराशी वेंकट हात जोडून उभा होता. त्यानंही मान खाली घातली. त्याला तर ही गोष्ट घरच्यांनीच सांगितली होती.

“नाही!”

हरिप्रिया तुपाचं भांडं घेऊन पंगतीच्या मधोमध उभी राहिली. सगळी पंगत थबकली. श्रीवत्स पुढे झाला, तिला आत नेऊ लागला, पण ती हलली नाही.

“त्यांनी काहीच चोरून खाल्लं नाही! एकदाही नाही! आम्ही लिहिलं ते त्यांनी वाचलं, आणि आम्ही सांगितलं तेवढंच खाल्लं. आकडा मी लहान केला होता. माल तोच होता, फक्त आकडा मी लहान केला होता. आणि तब्येत बिघडली तेव्हा चोर त्यांना म्हटलं. मी म्हटलं!” तिनं दाराकडे पाहिलं. “वेंकट, अप्पांनी तुला सांगायला सांगितलं होतं. त्यांनी खाल्लं नाही.”

वेंकटनं डोळे पुसले. पंगतीत कोणाचा हात पानाकडे जाईना. दत्ताजीराव पुटपुटले, “आमच्याकडेही तोच डबा आहे.” मग आणखी एकानं सांगितलं, त्यांच्याकडेही आहे. सुनेनं आणलाय, मुलीनं आणलाय, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये जाहिरात बघून आणलाय. त्या एका पंगतीत किती घरांतून तो डबा निघाला, ते ऐकून हरिप्रियाला रडूही येईना. तिनं ज्यांच्या पानात वाढलं होतं, ती माणसं आज पहिल्यांदाच तिच्यासमोर बसली होती.

सीतालक्ष्मी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, सुनेजवळ आल्या आणि तिचा हात भांड्यासकट धरला.

“माणसं पानावर बसलीत. वाढ,” त्या म्हणाल्या. “किती ते दाखवून वाढ.”

हरिप्रियानं चमचा भरला, दत्ताजीरावांच्या पानासमोर धरला आणि विचारलं, “एवढं?”

वाचकहो, तो डबा आजही दुकानात त्याच जागी, त्याच हिरव्या अक्षरांत उभा आहे. हरिप्रियानं तक्रार केली आहे, पोच मिळाली आहे, पुढे काही झालेलं नाही, आणि होईल असं तिलाही वाटत नाही. तोवर तुमच्या-आमच्या हातात एवढंच आहे : डबा घेताना तो फिरवा. पुढचा आकडा सोडा आणि मागे शंभर ग्रॅमला किती ते बघा. घरात जो वाढतो त्याला सर्व्हिंग म्हणजे किती, ते चमच्यानं दाखवा. आणि छापणाऱ्यांनो, तुम्हीही कुणाच्या तरी पानात वाढता आहात. जो आकडा स्वतःच्या वडिलांसमोर चमच्यानं मोजून दाखवायची हिंमत नाही, तो दुसऱ्याच्या वडिलांसाठी छापू नका. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस ‘मी खाल्लं नाही’ म्हणालं, तर आधी त्याचं ऐका. डब्याचं नंतर.

शेषगिरीरावांचं मात्र कोणीच वेळेवर ऐकलं नाही.