उंच माणसाचा झगा

तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की पाळकबाई सांगायच्या, लोकांचे झगे पाण्यावर तरंगू नयेत हे बघायचं. ऐकणारा हसायचा, पण ते अगदी खरं होतं. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा हौदात उतरलं की फुगतो, वर येतो आणि भर उपासनेत नको तो तमाशा होतो. म्हणून बाई प्रत्येक झग्याच्या खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे शिवून टाकायच्या. नवरा चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू; तो पाण्यात उभा राहून बाप्तिस्मा द्यायचा आणि बाई पायऱ्यांपाशी टॉवेल घेऊन उभ्या असायच्या. चर्चची अर्धीअधिक मंडळी या दोघांनी मिळून ओली केली होती म्हणा ना.

त्या आठवड्यात नवऱ्याने सांगितलं, रविवारी एकच जण आहे, पण झगा मोठा लागेल, माणूस उंच आहे. किती उंच, तर म्हणाला, धर माझ्याएवढा. बाई कुरकुरल्या. आयत्या वेळी सांगायची खोड काही या माणसाची जायची नाही. मग त्यालाच स्वयंपाकघरात उभं केलं, कापड खांद्याला लावून घोट्यापर्यंत मापलं, तोंडात टाचण्या धरून हलू नका म्हणून दटावलं. तो मुकाट उभा राहिला. इतका शहाण्यासारखा उभा राहिला, तेव्हाच खरं तर संशय यायला हवा होता.

रविवारी व्यासपीठाच्या फळ्या काढल्या, खालचा हौद भरलेला, गाणं संपलेलं. बाईंचे डोळे बाजूच्या खोलीच्या दाराकडे. हा उंच माणूस कोण, याचा त्यांनी चार दिवस अंदाज बांधला होता. शेवटी पोस्टमनवर येऊन थांबल्या होत्या. दार उघडलं आणि झगा घालून नवरा बाहेर आला. बाईंना आधी वाटलं, यांनी कपड्यांवर काहीतरी सांडलं असणार आणि हाताला लागेल ते चढवलं. धांदरटपणाचा कळस आहे नुसता, असं त्या पुटपुटल्यासुद्धा.

तो हौदापाशी उभा राहिला आणि बाप्तिस्मा घेणारा देतो तशी विश्वासाची साक्ष देऊ लागला. आपली स्वतःची. हे काम त्याच्याकडे वडिलांकडून आलं, एखाद्याकडे दुकान यावं तसं. प्रार्थना पाठ होत्या, आवाज चांगला होता, लोक ऐकून रडायचे आणि त्यालाही बरं वाटायचं. विश्वास मात्र कधी नव्हता.

"बसस्टँडवर गाड्या पुकारणारा असतो ना, तसा मी," तो म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांना गाडीत बसवलं. मी कधी कुठे गेलोच नाही."

मागच्या महिन्यात मंडळीतले म्हातारे घड्याळजी वारले. शेवटच्या दिवसांत त्यांनी त्याला विचारलं होतं, हे खरंच कुणी ऐकतं का हो? आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, माहीत नाही. घड्याळजी हसले, म्हणाले, मग चला, दोघं मिळून विचारू. ती त्याची पहिली प्रार्थना. उत्तर काही आलं नाही. पण तेव्हापासून तो रोज विचारतो आहे. पोचलेला नाही, निघाला आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं.

मागच्या बाकावर एकीने शेजारणीला विचारलं, मग आपला बाप्तिस्मा धरायचा की नाही? पाळकबाईंच्या पायाखालची तर जमीनच सरकली. राहतं घर मंडळीचं आहे, ते आता जाईल, हे त्यांना खूप नंतर सुचलं. आधी आठवली ती मुलगी.

मुलगी शाळेत जायच्या आधीच तापाने गेली होती. तिला पुरताना पाळकाचा आवाज जरासुद्धा कापला नव्हता. ती प्रभूच्या हातात आहे, एवढंच तो म्हणाला होता, आणि लोक म्हणाले होते, धन्य या माणसाची. त्या एका वाक्यावर बाईंनी सगळी वर्षं काढली. भांडी घासताना, झगे शिवताना ते हाताशी असायचं. आणि आज कळत होतं की बोलणाऱ्यालाच ते खरं वाटत नव्हतं.

तो पाण्यात उतरला आणि मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या माणसाकडे, बेकरीवाल्यांकडे, त्याने पाहिलं. मला बाप्तिस्मा द्याल का, असं विचारलं. बेकरीवाल्यांनी मान हलवली, मला हे झेपायचं नाही म्हणाले आणि बूट न्याहाळत बसले. दुसरं कुणी उठेना. तो कमरेएवढ्या पाण्यात एकटाच उभा.

बाई पायऱ्यांपाशी गेल्या आणि वाकल्या.

"पोरीच्या वेळी बोललात ते?"

"खोटं बोललो," तो हळूच म्हणाला. "तू कोसळशील म्हणून. पण तू ते खरं धरून चालत राहिलीस. मी बघत होतो गं. इतकी वर्षं मी तुझ्याच मागून येतोय, आणि लोकांना वाटतं मी पुढे आहे."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला टॉवेल त्यांनी भिरकावून दिला, चपला काढल्या आणि चांगल्या कपड्यांनिशी तरातरा पाण्यात उतरल्या. त्यांच्या कपड्यांत शिसं कुठलं असायला? ते भसकन फुगून वर आले. जन्मभर दुसऱ्यांची लाज झाकणाऱ्या बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते."

आयुष्यात पहिल्यांदा त्या नवऱ्याला अरे-तुरे करत होत्या, तेही भर मंडळीत. मग त्यांनी मानगूट धरून त्याला पाण्याखाली दाबलं. लागतो त्याहून जरा जास्तच वेळ दाबून धरलं, हे पहिल्या बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं.

तो खोकत, ठसकत वर आला. बाईंनी झगा सोडला नाही.

"आता सांग. कुठे आहे ती?"

"प्रभूच्या..." तो म्हणाला आणि अडकला. प्रवचनात कधी न अडखळलेल्या त्या माणसाला पुढचा शब्द काढता येईना. मुलीला पुरतानाही न रडलेला तो सगळ्यांसमोर हमसून हमसून रडू लागला.

टॉवेल कुठे पडला होता कोण जाणे. बाईंनी आपल्या ओल्या बाहीनेच त्याचं तोंड पुसलं.

"हातात आहे," त्या म्हणाल्या. "म्हण."

आणि तो त्यांच्या मागून म्हणाला.