चमचा आणि थापी

आजोबांनी जन्मभर गवंडीकाम केलं होतं आणि गिलाव्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हे ते स्वतःच सांगायचे, त्यामुळे खरं असणारच. शिकाऊ पोरं तर त्यांनी किती घडवली याला गणती नाही. ज्यांना घमेलं नीट उचलता येत नव्हतं, ती पोरं त्यांच्या हाताखालून बाहेर पडली ती भिंतींना आरशासारखी झिलई देत. म्हणून लेकीनं एका रविवारी जाड दांड्याचा छोटा चमचा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, ठकीला आपल्या हातानं जेवायला तुम्हीच शिकवा," तेव्हा आजोबांना हसूच आलं.

"हे काय काम आहे? चुटकीसरशी शिकवतो."

"शिकवाच. पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, मूल स्वतः चमच्यानं जेवत असेल तर मोठ्या मुलांच्या खोलीत लगेच घेते. तिला चार पोरं भेटतील आणि तुमच्या गुडघ्यांनाही आराम पडेल."

आजोबांचं हसू जागच्या जागी विरलं. गुडघे गेले खड्ड्यात, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि मान डोलावली.

घरात माणसं मोजकी. लेक दोन गल्ल्या पलीकडच्या बेकरीत केक सजवायची. सकाळी चहा ढोसून जायची ती संध्याकाळीच उगवायची. जावई लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि घरी असला की नुसता घोरायचा. आजी जाऊन काही वर्षं झाली होती. ती गेल्यावर दुपारी घर आजोबांना खायला उठायचं, आणि आजोबा मात्र काही खायचे नाहीत. एकट्यासाठी कोण गॅस पेटवणार? मग ठकी जन्माला आली. लेकीची रजा संपली तसा दिवसभर तिचा ताबा आजोबांकडे आला आणि दुपारला पुन्हा चव आली.

दुपारचं जेवण म्हणजे दोघांचा खास कार्यक्रम. बटाटा उकडायचा, दूध घालून मऊ कुस्करायचा आणि ठकीला तिच्या उंच खुर्चीत बसवून बोटांनी एकेक घास भरवायचा. "हा घास विटेचा. हा घास वाळूचा. आणि हा क्रेनवाल्या मामाचा!" क्रेन वरून फिरत यायची आणि ठकी आ वासायची. लेकीनं एकदा हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो बाबा, पोरीला दगडमाती काय चारताय?" आजोबा म्हणाले, "पाया पक्का होतो." ठकी झोपली की मग ते ओट्याशी उभ्या उभ्या, उरलेलं गारढोण खाऊन घ्यायचे. त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

आता हे सगळं एका चमच्यापायी जाणार होतं.

ज्याला शिकवता येतं त्याला न शिकवणंही झकास जमतं. आजोबांनी चमचा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. दुपारी क्रेन नेहमीसारखी फिरली. लेकीची यायची वेळ झाली की चमचा खाली उतरायचा, बटाट्यात बुडायचा आणि खरकट्या भांड्यांत जाऊन पडायचा. हयातभर ज्या माणसानं सिमेंटमध्ये कधी वाळू जास्त घातली नाही, तो म्हातारपणी चमच्याला बटाटा फासत होता.

"काय बाबा, जमलं का आज?"

"छे! चमचा बघितला की तोंड फिरवते. लहान आहे गं अजून."

आणि जिनं चमच्याचं तोंडही पाहिलं नव्हतं ती ठकी खुर्चीत बसून दोघांकडे बघून हसायची.

रविवारी लेकीनं स्वतः प्रयत्न करून पाहिला. ठकीनं चमचा घेतला, खुर्चीच्या फळीवर दणादणा आपटला, खाली फेकला आणि आजोबांकडे वळून आ वासला. आजोबांना मनातून इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. ती काही वाटली नाही.

वाटली ती पुढच्या आठवड्यात. लेक एक दिवस बेकरीतून लवकर निघाली, ठकीला घेऊन गेली आणि दिवेलागणीला परतली. आल्या आल्या भांडी घासायला लागली. एकच पातेलं ती घासत होती, आणि ते केव्हाच लख्ख झालं होतं.

"कुठे गेला होतात?" आजोबांनी विचारलं.

"डॉक्टरांकडे. म्हटलं, हातात काही दोष तर नाही ना. दीड वर्षाची झाली, बाकीची पोरं खातात." तिनं मनगटानं डोळे पुसले. "हात चांगले आहेत म्हणाले. मग दुसरं काय असणार? मी दिवसभर घरी नसते, माझंच चुकतंय. मी काम सोडते बाबा."

मागच्याच आठवड्यात बेकरीच्या मालकीणबाईंनी लेकीला पहिल्यांदा लग्नाचा तीन मजली केक एकटीला करायला दिला होता. त्या दिवशी ती घरात नाचल्यासारखी चालत होती. पहिल्यांदा अख्खी भिंत आपल्या एकट्याच्या हवाली झाली की काय वाटतं, हे आजोबांइतकं कुणाला कळणार? आणि ती भिंत ते स्वतःच पाडायला निघाले होते.

खरं सांगून टाकायची तीच वेळ होती. पण "घाई करू नकोस," एवढंच ते म्हणाले. "मला थोडे दिवस दे. शिकवतो म्हणजे शिकवतो."

दुसऱ्या दिवशी चमचा फळीवरून उतरला तो कामासाठी. आजोबांनी वाटी ठकीपुढे ठेवली आणि चमचा तिच्या मुठीत दिला. ठकीनं तो उलटसुलट करून पाहिला. मग चमचाभर बटाटा झकास उचलला. आजोबा पुढे सरसावले. ठकीनं तो बटाटा खुर्चीच्या फळीवर थपकन मारला आणि चमच्याच्या पाठीनं पसरवायला लागली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कडेला आलेला जास्तीचा माल निपटून घेतला, पुन्हा मध्ये लावला, मान तिरकी केली आणि एक डोळा बारीक करून काम सपाट झालंय का ते पाहिलं. झालं होतं. मग ती शेजारच्या भिंतीकडे वळली.

आजोबा हसता हसता स्टुलावरून पडायचे राहिले. पडवीच्या भिंतीचा पोपडे निघालेला भाग ते रोज सकाळी थापीनं थोडा थोडा दुरुस्त करत होते आणि ठकी खुर्चीत बसून बघत होती. दांडा असलेली वस्तू म्हणजे थापी, आणि मऊ ओला गोळा म्हणजे माल! पोरीचं काय चुकलं?

हसू ओसरलं तसे ते खुर्चीवरचा बटाटा पुसायला लागले. खरंच, पोरीनं चमचा तोंडात जाताना कधी पाहिला होता? आई सकाळी नुसत्या चहावर पळायची आणि रात्री ठकी निजल्यावर जेवायची. आजोबा ओट्याशी, तेही ती झोपल्यावर. या घरात जेवण म्हणजे काय तर एकानं आ करायचा आणि दुसऱ्यानं भरवायचं, एवढंच तिला माहीत. नव्या पोराला परांचीवर चढवलं की आजोबा कधी तोंडानं शिकवत नसत. त्याला शेजारी उभं करायचे आणि आपलं काम करत राहायचे. इथे शिकाऊ पहिल्या नंबरची होती, गाढव होता तो उस्ताद.

त्यांनी स्वतःसाठी दुसऱ्या वाटीत बटाटा घेतला, दुसरा चमचा घेतला आणि ठकीच्या समोर बसून जेवायला सुरुवात केली. ठकी थापी थांबवून बघायला लागली. आजोबांच्या प्रत्येक घासाला तिचं तोंड आपोआप उघडत होतं आणि मिटत होतं.

मग सगळ्या घराला बटाटा लागला. चमचा नाकात गेला, कानात गेला, एकदा केसांत फिरून आला. भरलेला चमचा तोंडापर्यंत पोचेपर्यंत उलटा व्हायचा, आणि रिकामा चमचा चाटून ठकी विचारात पडायची. मदतीला धावणारे आपले हात आजोबांनी मांडीखाली दाबून ठेवले होते. एवढं अवघड काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. आणि मग एका दुपारी चमचा सरळ गेला. बटाट्यासकट, तोंडात. ठकी स्वतःच दचकली. तिनं डोळे मोठे करून आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पाहिलं होतं. त्यांनी टाळी वाजवली आणि डोळे पुसले, कारण बटाटा डोळ्यांतही उडाला होता, असं म्हणायला जागा होती.

गंमत बघा, घास भरवायचा मान गेला आणि आजोबांना भूक लागायला लागली. किती तरी दिवसांनी ते गरम जेवत होते, बसून जेवत होते, आणि समोर कुणीतरी जेवत होतं. इतक्या चांगल्या दुपारी त्यांना क्रेनच्या काळातही मिळाल्या नव्हत्या. पण ठकीचा चमचा जितका सरळ जायला लागला तितकं पाळणाघर जवळ येत होतं, हे कळण्याइतकी अक्कल त्यांना होती. तरी त्यांनी हात मांडीखालीच ठेवले.

रविवारी लेकीनं पाहिलं आणि आनंदानं किंचाळलीच. ठकीचे पापे घेतले, नवऱ्याला फोन लावला, मग आजोबांच्या गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही म्हणजे जादूगार आहात!"

हे मात्र आजोबांना सोसलं नाही. "कसला जादूगार? तिला येत नव्हतं असं नाही गं. मी चमचा दिलाच नव्हता."

लेकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती मागे सरकली.

"मी तिला डॉक्टरकडे नेलं, बाबा. काम सोडायला निघाले होते मी. आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसलो."

दुपारचा चहा त्यांच्यापुढे असा आदळला की बशीत जास्त आणि कपात कमी राहिला. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता, त्यांच्याकडे न बघता तिनं विचारलं, "पण का?"

आजोबांनी ढिगातलं ठकीचं झबलं उचलून त्याची घडी घातली. "ठकी पाळणाघरात गेली की दुपारी मी जेवू कुणाबरोबर?"

लेक घड्या घालत राहिली.

पाळणाघराच्या पहिल्या दिवशी आजोबाच ठकीला सोडायला गेले. रडारडीची तयारी करून गेले होते. खिशात दोन रुमाल होते, एक तिच्यासाठी. ठकी बाईंचं बोट धरून आत गेली आणि तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही रुमाल आजोबांच्याच कामी आले.

घरी येऊन त्यांनी पडवीची भिंत उगाच आणखी घासली. दुपारी सवयीनं बटाटे उकडले, तेही जास्तच. एक ताट घेतलं, टेबलाशी बसले आणि ताटाकडे बघत राहिले. तेवढ्यात दाराची कडी वाजली. लेक होती. ॲप्रनसकट, कोपरापर्यंत पीठ.

"मधली सुट्टी आहे. वाढा लवकर."

राग अजून पुरता उतरलेला नव्हता, तो तिच्या भुवयांत दिसत होता. इतकी वर्षं ती भट्टीमागे उभ्यानं पाव चघळून ही सुट्टी काढत होती. आजोबांनी घाईघाईनं दुसरं ताट मांडलं. दोघं जेवायला लागली. चमचेच काय ते वाजत होते.

"बाबा," मध्येच तिनं विचारलं, "मी कशी शिकले हो चमच्यानं जेवायला? मीही भिंती सारवल्या का?"

आजोबांचा हात थांबला. त्यांनी आठवून पाहिलं. आठवायला काही नव्हतंच.

"मला नाही माहीत गं," ते म्हणाले. "तुझ्या आईला ठाऊक. मी दुपारचा घरी कधी नसायचोच. परांचीवर असायचो. एक दिवस आलो तर तू आपल्या हातानं जेवत होतीस."

लेकीच्या भुवयांतला राग कुठल्या कुठे गेला. मग तिनं चमचा मुठीत धरला, बटाट्याचा ओसंडणारा घास उचलला आणि म्हणाली, "मग आता नीट बघून घ्या."

निम्मा घास तोंडात गेला, निम्मा ॲप्रनवर पडला. आजोबांनी आपला चमचा खाली ठेवला आणि तिचं ताट रिकामं होईपर्यंत बघत राहिले.