तुकड्यांची झोप

मित्रांनो, शिंपीणकाकूंच्या दुकानात शिवलेलं सगळं कुणाच्या ना कुणाच्या अंगावर चढून बाहेर पडतं. मी मात्र तिथेच राहिलो. उरलेल्या जाड कापडाचे चार पट्टे जोडून शिवलेला मी एक जुना पडदा आहे. माझ्या एका बाजूला काकूंचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकांचं बाकडं. दुसऱ्या बाजूला एक छोटी खाट आणि उंच आरसा. खाट काकूंच्या लेकीची, आरसा गिऱ्हाइकांचा. घर आणि दुकान एकाच खोलीत, त्यामुळे नवे कपडे घालून बघायला बायका माझ्याच आड येत आणि अंगावरचे कपडे त्या खाटेवर ठेवत.

लेकीला सगळे लाडाने गुंडी म्हणत. तान्ही असताना ती दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास झोपे. गिऱ्हाईक आलं की काकू तिला अलगद खांद्यावर टाकत, ते गेलं की परत ठेवत. पोरगी डोळा म्हणून उघडत नसे.

"आमची गुंडी म्हणजे कापडाचा गठ्ठा! ठेवाल तिथे झोपते," तिचे बाबा इस्त्री करता करता सांगत. खरं सांगतो, मलाही तेव्हा अभिमान वाटे.

पण मूल म्हणजे काही गठ्ठा नव्हे. दोन वर्षांची झाली तशी उठवल्यावर ती रडू लागली, आदळआपट करू लागली. "हट्टी झालीय हल्ली," असं सगळे म्हणाले. पुढे तिने रडणं सोडलं, आणि मला ते रडण्याहून वाईट वाटलं. शाळेत जाऊ लागली तेव्हा दिवेलागणीला तिचे डोळे मिटू लागत. नेमकी तीच गिऱ्हाइकांची वेळ. पाऊल वाजलं की ती आपणहून खाटेवरून उतरे आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राही. बाई कपडे बदलून गेल्या की आडवी होई. पुन्हा पाऊल, पुन्हा कोपरा.

"किती गं गुणी पोर तुमची!" बायका म्हणत. कौतुकानेच म्हणत. त्या कौतुकाने तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही पुसली जात नव्हती.

एके संध्याकाळी तिच्या शाळेतल्या बाई माप द्यायला आल्या. मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून काकूंनी विचारलं, "अभ्यासात कशी आहे हो?"

बाई जरा घुटमळल्या. "रागावू नका. वर्गात नुसती शून्यात बघते. वाचता वाचता मध्येच थांबते. तिला एक वर्ष खालच्या वर्गात बसवावं असं वाटतंय."

"डोकं कमी आहे का तिला?" काकूंनी हलक्या आवाजात विचारलं.

माझ्यामागे गुंडी उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझी कड तिने मुठीत घट्ट धरली. मला वाटलं, आता रडेल. पण रडण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं. उभ्या उभ्या तिचा डोळा लागला, गुडघे वाकले आणि माझ्यासकट दांडी खाली आली. आरशाच्या चौकटीची कड तिच्या कपाळात घुसली.

काकूंनी तिला माझ्यातच गुंडाळलं आणि दवाखाना गाठला. टाके घातल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती झोपते ही?"

"आठ वाजताच पडदा ओढते मी."

"पडद्याचं नाही विचारलं, ताई. ही किती झोपते?"

काकू पुटपुटल्या, "तान्ही होती तेव्हा तुकड्यातुकड्यांनीच झोपायची. वाटलं, तसंच भागेल."

"तान्ह्याचं तसंच असतं. पण आता ही सहा वर्षांची आहे. हिला नऊ ते बारा तास लागतात, आणि तेही सलग. याआधी तर दुपारची धरून दहा ते तेरा लागत होते. डोकं कमी नाही हिला, झोप कमी आहे."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि हात जोडून मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली. झोप देवाने लेकरांच्या अंगात वाढीसाठीच घातली आहे. तिचे तुकडे करणारे आपण कोण?

आता दिवेलागणीनंतर दुकान बंद असतं. "एवढ्याशा पोरीपायी धंदा गुंडाळलात की!" असं टोचून दोन-तीन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. शाळेतल्या बाई म्हणाल्या आहेत, वर्गाचं परीक्षेपर्यंत थांबून बघू. मला धुऊन पुन्हा दांडीवर चढवलंय, पण रक्ताचा डाग पुरता गेलेला नाही.

आणि मित्रांनो, गुंडीची मोडलेली झोपही अजून सांधलेली नाही. बाबा नुसते पाणी प्यायला उठले, तरी ती झोपेतच खाटेवरून उतरते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि म्हणते, "या ना मावशी, आरसा मोकळा आहे."

"कुणी नाही गं बाळा, नीज," काकू तिला उचलून घेतात.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. झोप आली की लाजू नका, मोठ्यांना सांगा. आणि तुमच्या घरात एखादं लहानगं झोपलं असेल, तर त्याच्या झोपेला जपा. मी साधं कापड आहे. उजेड मी अडवीन. पाऊल मात्र तुम्हालाच अडवावं लागेल.